ताटे कोणी घासली?

मी व्यवसायाने समाजकार्यकर्ती. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गेली बारा वर्षे पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम करते आहे. त्यातच आणखी एक काम माझ्याकडे आले. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि तिच्यावर स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली, बाहेरची एक सदस्य हवी, असे हा कायदा सांगतो. अशी बाहेरची सदस्य म्हणून मी दोन-तीन कंपन्यांच्या समित्यांवर आहे. त्यामुळे सकाळी वस्तीतल्या नळावर भांडण सोडवायचे आणि दुपारी काचेच्या इमारतीत, गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला अडकवून बैठकीला बसायचे, असे माझे दिवस जातात.

या इमारतींमध्ये बैठका आणि कार्यक्रम फार होतात. महिला दिन, पर्यावरण दिन, वर्धापन दिन, विक्रीचा आकडा गाठल्याचा आनंद, नव्या साहेबांचे स्वागत. त्यातला ८ मार्च माझ्या वाट्याला येतो. तो कसा साजरा होतो हे आपल्यापैकी अनेकींनी पाहिले असेल. दारात जांभळ्या फुग्यांची कमान, तिच्याशेजारी माणसापेक्षा उंच फ्लेक्स. प्रत्येकीला प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले एक गुलाबाचे फूल. खुर्चीवर पाण्याची छोटी बाटली, खोक्यात समोसा, केक आणि वेफर्स. नंतर दोन खेळ, एक भाषण, केक कापणे आणि फोटो. दीड तासात सभागृह रिकामे होते आणि मागे उरतात अर्ध्या प्यालेल्या बाटल्या, तुडवलेले गुलाब आणि उष्टी खोकी. १९१० साली कोपनहेगनच्या परिषदेत क्लारा झेटकिनने कष्टकरी स्त्रियांसाठी एक दिवस असावा असा ठराव मांडला, तेव्हा तिच्या मनात काय होते आणि आपण कुठे येऊन पोचलो, असे दर वर्षी मनात येते. दर वर्षी मी भाषण करून घरी येते.

तीन वर्षांपूर्वी मात्र मी बोलले. एका कंपनीच्या एच.आर.च्या मॅडम कार्यक्रमाची रूपरेषा घेऊन आल्या होत्या. मी म्हटले, "मॅडम, हे सगळे जरा कमी करता येणार नाही का? कमी कचऱ्याचा, कमी खर्चाचा आणि थोडा वेगळा कार्यक्रम करू या की." त्यांना कल्पना आवडली. खर्चाला कात्री लावायची असे वरून आलेच होते. त्या म्हणाल्या, "तुम्हीच सुचवा. आम्ही करू."

मला फार आनंद झाला. आपल्या शिबिरांचा अनुभव होताच. जुन्या साडीवर रंगाने लिहिलेला फलक, माठातले पाणी, प्रत्येकीने घरून आणलेला पेला, चटईवर गोल करून बसणे, हे सगळे आपण पैसे नव्हते म्हणून केले. पुढे त्याला 'पर्यावरणस्नेही' असे नाव मिळाले. मी यादी करून दिली. फ्लेक्सऐवजी कापडी फलक, त्यावर तारीख-वार न घालता नुसते 'महिला दिन', म्हणजे पुढच्या वर्षीही चालेल. फुगे नाहीत, गुलाब नाहीत. बाटल्यांऐवजी मोठ्या पिंपातले पाणी. खोक्यातल्या समोशाऐवजी आमच्या वस्तीतल्या बचत गटाचे जेवण: भाकरी, पिठले, ठेचा, मसालेभात. आणि वापरून फेकायच्या ताटल्यांऐवजी स्टीलची ताटे.

कार्यक्रम उत्तम झाला. सव्वातीनशे माणसे जेवली. कचऱ्याचे दोनच डबे भरले, त्यातला एक ओल्या कचऱ्याचा. खर्च आधीच्या वर्षाच्या निम्म्याहून कमी आला. कंपनीच्या अंकात फोटो छापून आला, खाली माझेही नाव होते. तो अंक मी आईला दाखवला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वस्तीत बैठक होती. त्या कंपनीत हाउसकीपिंगचे काम करणाऱ्या दोघी-तिघी याच वस्तीत राहतात. बैठक संपल्यावर त्यांच्यातल्या एक मावशी चप्पल घालता घालता म्हणाल्या, "ताई, तुमचा तो स्टीलच्या ताटांचा कार्यक्रम लई चांगला झाला म्हणं. फोटो बघितला आम्ही. पण ताटं कोणी घासली, ते विचारलं का कोणी?"

मी विचारले नव्हते.

मग त्यांनी सांगितले. कार्यक्रम संध्याकाळी चारला सुरू झाला, जेवणे साडेसहापर्यंत चालली. ताटे, वाट्या, पेले भाड्याने आणलेले; दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत द्यायचे आणि घासून द्यायचे, नाहीतर भांडीवाला जास्त पैसे लावणार. कंपनीच्या पॅन्ट्रीत दोनच मोऱ्या, त्याही चहाचे कप विसळण्यापुरत्या. सहा बायका सात वाजता भांड्यांना बसल्या. खरकटे जाऊन मोरी तुंबली. मग बाहेरच्या बागेतल्या नळावर, अंधारात, मोबाईलच्या उजेडात उरलेली भांडी घासली. दहा वाजले. कामगारांना सोडणारी गाडी आठलाच निघून गेली होती. हमरस्त्यापर्यंत अर्धा तास चालत येऊन सहाजणींनी एक रिक्षा केली. एकीचे मूल तापाने फणफणलेले होते, ते शेजारणीकडे. दुसरीच्या नवऱ्याने इतका उशीर का म्हणून दार उघडले नाही. जादा कामाचे पैसे? कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणाला, "महिला दिन तुमचाच आहे, एक दिवस जास्त केलं तर काय बिघडलं?"

मावशी हे चिडून सांगत नव्हत्या. शेवटी त्या हसून म्हणाल्या, "थर्माकोल बरा होता ताई, उचलून टाकला की झालं." ते हसणे मला अजून आठवते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्वतःची लाज वाटली हे तर खरेच. आमच्या शिक्षणात आम्हांला पहिल्यांदा शिकवतात की कुठलीही योजना आखण्यापूर्वी तिचा भार कोणावर पडणार हे विचारावे. मी वस्तीत हा प्रश्न रोज विचारते. काचेच्या इमारतीत शिरले आणि विसरले. तिथे मी एच.आर.च्या मॅडमशी बोलले, खर्चाच्या हिशेबनिसाशी बोलले, पिंपवाल्याशीही बोलले. ज्यांच्या हातांनी तो कार्यक्रम उचलला जाणार होता त्या सहाजणींशी बोलले नाही. त्यांना मी नावानिशी ओळखत होते, तरीही.

पण लाजेपलीकडे एक मुद्दा आहे आणि तो मला या पानांवर मांडायचा आहे. 'वापरा आणि फेका' या वस्तूंनी जे काम लपवले होते, तेच काम 'धुवा आणि पुन्हा वापरा' असे म्हटल्याबरोबर पुन्हा वर येते. ते कोणीतरी करावे लागते. घरात ते कोण करते हे आपल्याला ठाऊक आहे. घरोघरी 'प्लॅस्टिक नको' म्हटले की कापडी पिशव्या शिवायच्या बाईने, डबे घासायचे बाईने, ओला-सुका वेगळा करायचा बाईने. कंपनीतही तेच घडते. फरक इतकाच, की तिथे ती बाई कंत्राटी असते आणि तिच्या कामाचा रकाना कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात नसतो. आमच्या कार्यक्रमाची जी बचत झाली म्हणून टाळ्या पडल्या, तिच्यातला एक भाग त्या सहाजणींच्या तीन तासांचा होता. पर्यावरण वाचले, पैसे वाचले, आणि दोन्हींची किंमत ज्यांनी दिली त्यांना कोणी विचारलेही नाही.

म्हणून थर्माकोलकडे परत जायचे का? मुळीच नाही. फेकलेली वस्तूही कोणा ना कोणा बाईच्याच हाताखालून जाते, फक्त ती बाई आणखी दूर असते, एवढेच. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत, त्याही बहुतेक दलित समाजातल्या. अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून शहरात आली. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, या बायकांना ओळखपत्रे मिळाली आणि पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदारचा कचरा गोळा करू लागली. या बायकांकडून एकदा समजून घ्या की कार्यक्रमाच्या कचऱ्यातले काय विकले जाते. पाण्याची बाटली जाते, पुठ्ठा जातो. पण तेलाने माखलेल्या खोक्याला भाव नाही. कागदी म्हणून दिल्या जाणाऱ्या कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून भंगारवाला तो सहसा घेत नाही. वेफर्सच्या चकचकीत पिशवीचे तेच. फ्लेक्स तर कोणालाच नको. फार तर झोपडीवर पावसाळ्यात घालायला न्यावा. म्हणजे साहेबांच्या हसऱ्या चेहऱ्याखाली एखादे कुटुंब झोपणार.

कायदे आहेत. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये थर्माकोलची आणि प्लॅस्टिकची ताटे, कप, चमचे यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. तिच्यात सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, मिठाईच्या खोक्यांवरचे प्लॅस्टिकचे वेष्टन आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे फलक हेही होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तर असेही सांगितले होते की परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसे जमवायची असतील तर किमान तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे आणि कचरा जागच्या जागी वेगळा करून द्यावा. हे सगळे वस्तूंविषयी आहे आणि ते हवेच. पण वस्तू गेल्यावर तिच्या जागी जे श्रम येतात त्यांच्याविषयी कार्यक्रम आखणारे कोणी बोलत नाही. बोलायला हवे ते आपण.

आता 'परवडणारा' या शब्दाकडे वळते. कंपनीला परवडणारा म्हणजे काय, हे त्या कार्यक्रमातच आणखी एका बाजूने समजले. बचत गटाने ताटाचा दर १६० रुपये सांगितला होता. खरेदी विभागाने घासाघीस करून तो १३० वर आणला. "महिला सक्षमीकरणासाठीच तर तुम्हांला काम देतोय," असे वर ऐकवले. मोठ्या केटररशी असे बोलायची त्यांची छाती झाली असती का? मग पुरवठादार म्हणून नोंदणी करा, जीएसटी क्रमांक द्या, तीन वर्षांची उलाढाल दाखवा. वर्षाला लाख-दीड लाखाचा धंदा करणाऱ्या गटाला जीएसटीची नोंदणी लागतच नाही, हे समजावण्यात माझे चार फोन गेले. पैसे मिळाले जवळजवळ तीन महिन्यांनी. तोवर किराणा दुकानदाराची उधारी गटाच्या अध्यक्षबाईंनी स्वतःच्या बचतीतून भागवली. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पण आमच्या गटाची तशी नोंदणी नव्हती, आणि नोंदणी करून घ्यावी हे मलाही तेव्हा सुचले नव्हते. म्हणजे जिच्याकडे रोजच्या बाजाराला पैसे नाहीत अशा बाईने एका मोठ्या कंपनीला तीन महिने बिनव्याजी उधार दिले. 'स्वस्त' कार्यक्रमाचा हिशेब असा असतो.

मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांसाठी. त्या बायकांची अडचण स्वयंपाक येत नाही ही नव्हती, महिनाअखेरीपर्यंत धान्य-रॉकेलला लागणारे भांडवल नाही ही होती. सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून देण्यापासून मंडळाचे काम सुरू झाले. इतकी वर्षे झाली, तरी बाईच्या हातच्या जेवणाचे कौतुक करणारे पुष्कळ आणि आगाऊ पैसे देणारे थोडे.

राहिला तिसरा शब्द, 'कल्पक'. हल्ली कल्पकता म्हणजे सजावट असे झाले आहे. बांबूची कमान, ज्यूटच्या पिशव्या, बिया घातलेला कागद. या वस्तू वाईट नाहीत, पण ज्यूटची ती चौथी पिशवी घरी जाऊन कपाटातच पडते. माझ्या मते खरी कल्पकता दोन साध्या प्रश्नांत आहे. ही बैठक हवीच का? आणि हवी असेल तर तिच्यात कोण बसणार?

पहिला प्रश्न विचारला की निम्मा कचरा आणि निम्मा खर्च तिथेच वाचतो. कंपनीची दोन दिवसांची बैठक लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेली की गाड्यांचे डिझेल, रात्रंदिवस चालणारी वातानुकूलन यंत्रे आणि वाया जाणारे बुफेचे जेवण, यांपुढे चार कागदी कपांची बचत ती काय! शिवाय ज्या बाईचे मूल लहान आहे किंवा घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, ती अशा बैठकीला जाऊ शकत नाही, आणि मग बढतीच्या वेळी 'त्या फारशा सहभागी होत नाहीत' असा शेरा येतो. हीच बैठक कचेरीतल्याच कॅन्टीनमध्ये, भर दिवसा, कामाच्या वेळेत घेतली तर ती स्वस्त होते, हवा कमी बिघडते आणि बायका येऊ शकतात. एका निर्णयात तिन्ही गोष्टी साधतात.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. महिला दिनाच्या त्या सभागृहात तीनशे माणसे होती. हाउसकीपिंगच्या बायका दाराबाहेर होत्या, हातात झाडू घेऊन, कार्यक्रम संपण्याची वाट पाहत. लैंगिक छळाच्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दात कंत्राटदारामार्फत आलेली बाईही येते. मालकाने ठरावीक काळाने कायद्याची माहिती देणारे कार्यक्रम घ्यावेत असेही त्यात आहे. म्हणजे त्या बायका आत असणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. आणि कल्पकतेसाठी पैसे लागत नाहीत हे आपल्याकडे सिद्ध झालेले आहे. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक रंगमंचावर आणले आणि पुढे गावोगावी नेले. जिथे जागा मिळेल तिथे ते उभे राहिले, कारण त्याला गाणाऱ्या-बोलणाऱ्या बायका पुरेशा होत्या. हीच संघटना पुढे मुंबईत कचरावेचक बायकांमध्येही काम करू लागली. सभागृहातली बाई आणि कचऱ्याच्या डब्याशी उभी असलेली बाई, दोघींचा विचार एकत्र करता येतो तो असा.

सहा महिन्यांनी त्याच कंपनीत कायद्याच्या माहितीची वार्षिक सभा आली. या वेळी मी एच.आर.च्या मॅडमना सांगितले, "आखणीच्या बैठकीला हाउसकीपिंगच्या चौघी असतील तर मी येते." त्या जरा गोंधळल्या, पण हो म्हणाल्या. मॅडम मनाने चांगल्या आहेत, मागच्या वेळचे त्यांनाही ठाऊक नव्हते. ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या.

त्या चौघी पहिली पंधरा मिनिटे बोलल्याच नाहीत. मग मावशींनी सुरुवात केली. जेवण दुपारी बाराला ठेवा, म्हणजे भांडी चारच्या आत आवरतात. प्रत्येकाने आपले ताट खरकटे काढून टपात ठेवले तर निम्मे काम होते; मोरी तुंबते ती खरकट्याने. आदल्या दिवशी हात वर करायला लावून कोण कोण जेवणार ते मोजा, म्हणजे अन्न उरणार नाही. पाण्याला पेले कशाला? प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःची बाटली असतेच. भांडीवाल्याकडून घासायच्या माणसांसकट ताटे घ्या आणि त्यांचे पैसे ताटाच्या भाड्यात धरा. ते नको असेल तर आम्ही घासतो, पण जादा कामाच्या दराने आणि गाडी थांबवून. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीने कामाला ठेवायचे तर तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय करावी, असे म्हटले आहे, हे मी तिथे सांगितले. मावशी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही मागतोय ते जास्त नाही."

बघा, कार्यक्रम आखणाऱ्या व्यावसायिक संस्था ज्या सल्ल्याचे हजारो रुपये घेतात, तो सल्ला पॅन्ट्रीत बसलेला होता. कोणत्या कार्यक्रमात किती उरते, काय फुकट जाते, कोणती पिशवी कोणी नेत नाही, हे कार्यक्रम उचलणाऱ्या बाईइतके कोणालाच माहीत नसते.

सभा दुपारी झाली. जुनाच कापडी फलक पुन्हा लावला. गटाला निम्मे पैसे आगाऊ दिले, दर १६०. चौघींना जादा कामाचा दर मिळाला. हे सगळे धरूनही खर्च फ्लेक्स-फुग्यांच्या दिवसांपेक्षा कमीच होता, मात्र पहिल्या 'हरित' कार्यक्रमापेक्षा थोडा जास्त. तो जास्तीचा खर्च म्हणजे त्या बायकांच्या कामाची किंमत, जी आधी आम्ही दिलीच नव्हती.

सगळे छान झाले असे मी म्हणणार नाही. कंत्राटदार कुरकुरला. कित्येक साहेबांनी ताट खरकट्यासकट टेबलावरच सोडले. ते त्यांना घरीही माहीत नसावे. हाउसकीपिंगच्या बायका सभेला आल्या, पण मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी बसायला दोनदा सांगावे लागले. सभेनंतर मात्र त्यांच्यातली एक माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, ही समिती आमच्या सुपरवायझरलापण लागू होते का?" त्या एका प्रश्नासाठी सभा सार्थकी लागली असे मला वाटले. त्याचे पुढे काय झाले हे गोपनीयतेमुळे लिहिता येत नाही.

आमच्याच काही मैत्रिणी मला विचारतात, "कंपन्यांचे कार्यक्रम हिरवे करून देणे हे आपले काम आहे का? वर्षभर नद्या घाण करायच्या आणि महिला दिनाला कापडी फलक लावायचा, यात आपण का सामील व्हायचे?" प्रश्न रास्त आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. कार्यक्रम हिरवा झाल्याने कंपनी हिरवी होत नाही. पण त्या इमारतीत आपल्या वस्तीतल्या बायका रोज आठ-दहा तास असतात. त्यांच्यापर्यंत पोचायचा एक दरवाजा जर कार्यक्रमाच्या आखणीतून उघडत असेल, तर तो मी बंद करणार नाही. मात्र यापुढे कोणी 'पर्यावरणस्नेही' कार्यक्रमासाठी सल्ला मागितला तर मी आधी पाच प्रश्न विचारते. तुम्हीही विचारावेत म्हणून इथे देते.

१. हा कार्यक्रम झाला नाही तर कोणाचे काय अडेल?

२. तो कामाच्या वेळेत, कामाच्या जागी घेता येईल का?

३. झाडणे, वाढणे, घासणे, कचरा वेगळा करणे ही कामे कोण करणार, किती वाजेपर्यंत, आणि त्यांचे पैसे अंदाजपत्रकात कुठे लिहिले आहेत?

४. जेवण किंवा वस्तू बचत गटाकडून घेणार असाल तर आगाऊ किती देणार आणि उरलेले किती दिवसांत?

५. हे काम करणाऱ्या बायका आखणीच्या बैठकीत आहेत का, आणि कार्यक्रमात त्यांना खुर्ची आहे का?

हे प्रश्न कंपन्यांसाठी आहेत, तसेच आपल्यासाठीही आहेत. आपल्या संस्थांची संमेलने होतात, अधिवेशने होतात, वर्धापनदिन होतात. आपणही आता माठ-पेले घेऊन, पत्रावळीवर जेवून कार्यक्रम करतो आणि त्याचा अभिमान बाळगतो. शेवटची चटई गुंडाळणारी, पातेली घासणारी बाई बहुधा त्याच वस्तीतली असते, आणि ती 'आपलीच' म्हणून तिला पैसे द्यायचे राहून जाते. ती शेवटच्या सत्राला नसते, कारण ती मागे भांड्यांशी असते. गेल्या वर्षी आमच्या मेळाव्यात मी मागे गेले, तर तिथे दोघी होत्या. त्यांना विचारले, "सत्र सुरू झालंय, येत नाही का?" त्या म्हणाल्या, "हे कोण करणार?"

मी पदर खोचला आणि बसले. पण माझ्या एकटीच्या बसण्याने प्रश्न सुटत नाही, हेही मला कळते. पुढच्या मेळाव्याच्या अंदाजपत्रकात आम्ही 'भांडी' असा वेगळा रकाना घातला आहे. तुमच्याकडे हे कसे करता? अवश्य लिहून कळवा.